गावाच्या संसदेत आपली खुर्ची कुठे?

पॅसिफिक महासागरात नाउरू नावाचा देश आहे. लोकसंख्या जेमतेम बारा हजारांच्या घरात. १९६८ साली तो स्वतंत्र झाला, १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. त्याच्या संसदेत १९ सभासद आहेत आणि संसदेची इमारत विमानतळाच्या शेजारीच उभी आहे. आपल्या खानदेशात एवढ्या वस्तीची गावे आहेत. त्यांचीही संसद आहे. तिचे नाव ग्रामपंचायत, सदस्य ७ ते १७. तिलाही इमारत आहे. त्या इमारतीत कोण बसतो आणि कोण दाराशी उभा राहतो, हा आपला प्रश्न आहे.

खेडे म्हणजे छोटे प्रजासत्ताक, असे मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली लिहून ठेवले. आपल्याकडील सनातन्यांनी ते डोक्यावर घेतले. या प्रजासत्ताकाची संसद म्हणजे चावडी. चावडीचा निरोप गावभर पोहोचवायचा महाराने, पण चावडीत बसायचे मात्र इतरांनी! महाराची जागा पायरीखाली. हे कसले प्रजासत्ताक?

ते कसले होते, हे आमच्या चाळीसगावला वेगळे सांगायला नको. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याहून परतताना बाबासाहेब इथे उतरले. एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते. तरी अस्पृश्याचा टांगा हाकायला स्टेशनवरचा एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे झाला. पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. 'छोट्या प्रजासत्ताका'चा कायदा हा असा होता.

तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९३२ मध्ये, मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले. बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले की प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा नसतील, तर पंचायतीच्या हाती सत्ता देणे म्हणजे आमचा गळा गावगुंडांच्या हाती देणे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी मेटकाफचाच दाखला घेऊन खेड्याच्या गौरवगाथेचा समाचार घेतला आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचे समाधान व्यक्त केले. यावरून त्यांना पंचायतविरोधी ठरवणारे अर्धेच वाचतात. त्यांचा विरोध हमीशिवाय दिलेल्या सत्तेला होता. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. कलम २४३ डी ने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागांची घटनात्मक हमी दिली. १९३२ ची मागणी घटनेत यायला ६१ वर्षे लागली!

पण हमी कागदावर आहे. वकिलीच्या निमित्ताने मी खेडोपाडी फिरतो. एका गावात राखीव जागेवर निवडून आलेली आमची भगिनी कार्यालयात बाकावर बसलेली पाहिली आणि सरपंचाच्या खुर्चीत गावचा पुढारी. विचारले तर म्हणाली, "दादा, सही करायला बोलावतात." ग्रामसभा कुठे भरते, हेही पाहा. देवळाच्या सभामंडपात भरली तर आपली माणसे कुठे बसणार? बायाबापड्या तोंड उघडतील का?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील कमी संख्या लागते. आपली वस्ती एकदिलाने गेली तर गणपूर्तीला आपला मोठा हातभार लागतो. सभा पंचायत कार्यालयात किंवा शाळेत घ्या, अशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. नक्कल मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे.

दिल्लीच्या संसदेत आपला माणूस गेला की आपण गुलाल उधळतो. गावच्या संसदेत मात्र आपण दाराशी उभे राहतो. बाबासाहेबांचा पाय चाळीसगावात मोडला, तरी ते पुढे चालतच राहिले. आपल्याला तर फक्त पायरी चढून खुर्चीपर्यंत जायचे आहे.

जयभीम!