ठेका धरणाऱ्या यंत्रांची पासष्ट वर्षं

घरी एकट्याने गाणं किंवा वाद्य घोटणाऱ्याला ठेका लागतोच, आणि रोज पहाटे हाक मारली की साथीला बसेल असा तबलजी एके काळी फक्त संस्थानिकांना परवडत असे. ही उणीव भरून काढायला जी छोटी यंत्रं निघाली, त्यांना आता पासष्टहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांची पारख बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने झाली: आवाज खऱ्या वाद्यासारखा येतो का? जाहिराती त्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिल्या आणि दुकानात गिऱ्हाईकही तेच विचारत राहिलं. रियाजापुरता हा प्रश्न दुय्यम आहे, असं या यंत्रांचा इतिहास सांगतो. यंत्रांचे कारखानदार हुबेहूब आवाजाच्या मागे लागले तेव्हा यंत्र महाग होऊन स्टुडिओत गेलं. जी यंत्रं चोख मोजत राहिली आणि हाताशी राहिली, ती घरात टिकली.

सुरुवात घरापासूनच झाली होती. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ बाजारात आणलं ते दिवाणखान्यात ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी. आत एक फिरता काटा, त्याच्या वाटेत विजेचे संपर्कबिंदू आणि आवाज काढायला व्हॅक्यूम ट्यूब. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट असे बारा तयार ठेके त्यात होते. आकार मात्र लहानशा कपाटाएवढा, म्हणजे याला सुटसुटीत म्हणणं कठीण. यंत्र सुटसुटीत करण्याचं काम जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी केलं. त्यांच्या एस टोन कंपनीचं ‘रिदम एस एफआर-१’ हे १९६७ चं यंत्र ट्रान्झिस्टरवर चालणारं आणि ऑर्गनवर ठेवता येईल एवढं होतं. त्यात सोळा ठेके होते आणि दोन बटणं एकदम दाबली की दोन ठेक्यांची सरमिसळ होई. झांजेचा आवाज झांजेसारखा येत नव्हता, टायरमधून हवा सुटल्यासारखा येत होता. तरी हॅमंडसारख्या नामवंत ऑर्गन कंपनीने ते आपल्या वाद्यांत बसवून घेतलं. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेल्या ऑर्गनवादकाला हुबेहूब झांज नकोच होती, आपण धावत सुटलो तर बाजूला कोणी तरी न धावता चालत राहावं एवढंच हवं होतं. याच काकेहाशींनी १९७२ मध्ये रोलँड कंपनी काढली आणि तिच्या पहिल्या उत्पादनांत ठेक्याचीच यंत्रं होती.

१९७८ ते १९८३ ही वर्षं या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची आहेत. रोलँडच्या १९७८ च्या ‘सीआर-७८’ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि वापरणाऱ्याला स्वतःचा ठेका रचून साठवता येऊ लागला. मग दोन वाटा फुटल्या. अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० मध्ये ‘एलएम-१’ आणलं. खऱ्या ड्रमचे आवाज मुद्रित करून चिपवर साठवलेले असल्याने ते ऐकायला खरं वाटे, पण किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. अशी जेमतेम काहीशे यंत्रं विकली गेली आणि ती गेली ती नामवंतांच्या स्टुडिओत. त्याच वर्षी आलेल्या रोलँडच्या ‘टीआर-८०८’ चे आवाज विद्युतमंडलातून घडवलेले होते. ते कोणत्याच खऱ्या ड्रमसारखे नव्हते म्हणून त्याच्यावर टीका झाली आणि १९८३ मध्ये, सुमारे बारा हजार नग झाल्यावर, उत्पादन थांबलं. पुढे सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळू लागल्यावर त्याने हिपहॉप आणि नृत्यसंगीत घडवलं, हे सर्वश्रुत आहे. मुंबईच्या स्टुडिओंतले वादक चरणजीत सिंग यांनी तर १९८२ मध्येच हे यंत्र वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले होते. त्या तबकडीची खरी दखल घेतली जायला २०१० चं पुनर्प्रकाशन उजाडावं लागलं. मात्र ८०८ ची ही कीर्ती मंचावरची आणि ध्वनिमुद्रणातली आहे, रियाजाशी तिचा संबंध थोडाच. रियाजाच्या दृष्टीने १९८० च्या सुमारास आलेलं बॉसचं ‘डीआर-५५’ मला अधिक मोलाचं वाटतं. बॅटरीवर चालणारी, पुस्तकाएवढी डबी, मोजून चार आवाज आणि सोळा किंवा बारा घरांचा ठेका. गिटारच्या पिशवीत ते मावत असे आणि ठेका बसवायला मॅन्युअल चाळावं लागत नसे. संगीताच्या इतिहासात त्याला तळटीपेपलीकडे जागा नाही, पण आजच्या खिशात मावणाऱ्या सगळ्या ठेकायंत्रांची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते.

कसोटी कोणती असावी याचा आणखी बोलका पुरावा म्हणजे अलेसिसचं ‘एसआर-१६’. १९९० च्या सुमारास आलेलं हे यंत्र तीन दशकं उलटल्यावरही नवं विकत मिळत होतं. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या बाजारात, जिथे मॉडेल चार-पाच वर्षांत शिळं होतं, हे जवळपास नवल आहे. त्याचे मुद्रित आवाज त्या काळी उत्तम होते, पण नंतर कितीतरी सरस आवाज स्वस्तात मिळू लागले; तरी गिऱ्हाईक हटलं नाही. कारण बटणं मोठी, लय बदलायला एक हालचाल पुरे आणि ठेका सुरू-बंद करायला किंवा भरणा टाकायला पायाचं बटण जोडण्याची सोय. दोन्ही हातांत वाद्य असलेल्या माणसाला पायाने चालणारं बटण शंभर नव्या आवाजांपेक्षा जास्त उपयोगी. २०१४ मध्ये आलेल्या ‘बीटबडी’ने तर अख्खं यंत्रच पायाखालच्या पेडलमध्ये बसवलं.

आपल्याकडे हाच प्रवास वेगळ्या अडचणींतून झाला. पाश्चात्त्य ड्रमला ठरावीक स्वर लागत नाही. तबल्याचा दायाँ मात्र षड्जात मिळवावा लागतो. शाईच्या भारामुळे त्याच्या पुडीचे उपस्वर सुरेल गुणोत्तरात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे काळी एकमध्ये गाणारा आणि काळी चारमध्ये गाणारी, दोघांच्या उपयोगी पडायचं तर यंत्राला लयीची एक खुंटी आणि स्वराची दुसरी, अशा दोन स्वतंत्र खुंट्या हव्यात. दुसरी अडचण लयीची. मेल्झेलने १८१५ मध्ये पेटंट घेतलेल्या मेट्रोनोमचा काटा मिनिटाला चाळीस ठोक्यांपासून सुरू होतो. त्या लयीला सोळा घरांचा पाश्चात्त्य ठेका सहा सेकंदांत संपतो. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं, आणि अमीर खाँसाहेबांच्या पसंतीचा अतिविलंबित झुमरा मिनिटाच्या आसपास जातो. बाहेरचं यंत्र आणून त्यावर झपताल कसाबसा बसवता येईल, पण ख्याल घोटता येणार नाही. ही गरज ओळखून अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी बंगळुरूत काम केलं. त्यांच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आधी आला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘तालमाला’ हा इलेक्ट्रॉनिक तबला. आवाज डबडा होता, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण तालाचं नाव निवडा, स्वर मिळवा, लय फिरवा, एवढ्यावर काम भागे. गांधर्व मंडळाच्या परीक्षांसाठी हाताने ताल धरून ठाय-दुगुन बसवणाऱ्या विद्यार्थ्यांपासून मैफली करणाऱ्या गायकांपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तानपुरा मशीनशेजारी तबला मशीन स्थिरावलं, ते या तीन सोयींमुळे.

यावर एक रास्त आक्षेप निघतो: आवाजाला काहीच महत्त्व नसेल तर नुसती टकटक का पुरत नाही? पुरत नाही, आणि त्याचं कारण ठेक्याच्या रचनेत आहे. तीनतालात खाली कळते ती बायाँ गप्प होतो म्हणून. दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंतचे ‘तिं तिं ता ता’ हे बोल बिनघुमाऱ्याचे असतात आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत आला की कानाला समेची चाहूल लागते. म्हणजे मात्रा मोजत न बसता आपण आवर्तनात कुठे आहोत हे कळायचं तर जड आणि हलका बोल वेगळा ओळखू यायलाच हवा. आवाजाची ही किमान अट झाली. त्यापलीकडे बायाँवरची मींड किती लोभस उतरली आहे, हा ऐकण्याच्या सुखाचा भाग आहे. तबल्याचा विद्यार्थी तर हेच उलट्या बाजूने दाखवून देतो. त्याला साथ लागते लेहऱ्याची; सारंगी किंवा पेटीवर सोळा मात्रांची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजते आणि तिच्या स्वरांच्या चढउतारावरून तो सम हेरतो. लेहऱ्याच्या यंत्रातली पेटी कितीही पत्र्यासारखी वाजली तरी त्यावर कायदे घोटून हात तयार होतो, कारण ओळ कुठे वळते हे कळलं की त्याचं काम झालं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो जुन्या गुरुजनांकडून येतो. यंत्र आडमुठं असतं, गाणाऱ्याचा श्वास ओळखत नाही, त्याच्याबरोबर वाढून लय चढत नाही. अशा साथीने गाणं लष्करी कवायत होईल. यात तथ्य आहे. पण ज्या गुणासाठी आपण चांगल्या तबलजीला वाखाणतो तोच रियाजात आड येतो, हेही पाहायला हवं. तो सांभाळून घेतो. मुखडा अर्धी मात्रा उशिरा आला तर ठेका अलगद सैल करतो, तान घसरली तर सम जराशी ठळक देतो, आणि चूक झाली हे गाणाऱ्याला कळतच नाही. मैफलीत ही दिलदारी हवीच. घोटताना मात्र चूक उघडी पडणं हाच फायदा, आणि तो आडमुठं यंत्रच देतं. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला जास्त गंभीर वाटतो: यंत्र सगळ्या मात्रा भरवतं, म्हणून शिकणारा स्वतः मोजायचं सोडतो, आणि यंत्र बंद केलं की लय डगमगते. याला उत्तर त्या जुन्या चार आवाजांच्या डब्यांमध्ये आहे. सोळा घरांचा ठेका रचता येणाऱ्या यंत्रावर पहिल्या घरात एकच ठोका ठेवून बाकीची पंधरा रिकामी सोडता येतात. मधलं सगळं गाणाऱ्याने किंवा वाजवणाऱ्याने पोटात धरायचं आणि समेला यंत्राशी भेट होते की नाही ते पाहायचं. ‘सीआर-७८’ वर तर तयार ठेक्यातला एकेक आवाज गाळण्याची सोय होती. आजच्या विक्रीपत्रकांत अशी सोय ठळक अक्षरात क्वचितच दिसते, कारण ‘आमचं यंत्र गप्पही बसतं’ ही काही विक्रीची भाषा नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. फुकट किंवा थोड्या पैशांत तानपुरा, खऱ्या तबल्याचे मुद्रित बोल, पंचवीस-तीस ताल आणि हवी तेवढी संथ लय देणारी ॲप्स हाताशी असताना वेगळी डबी कशाला घ्यायची? ख्याल शिकणाऱ्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आयतबला प्रो’सारख्या ॲप्सनी तालांची आणि लयीची जी मोकळीक दिली ती जुन्या मशीनना जमली नव्हती, आणि परदेशातल्या मराठी घरांत ऑनलाइन गाणं शिकणाऱ्या मुलांना तर तोच मार्ग सोपा. पण ॲप मोबाइलच्याच स्पीकरवर वाजवलं की पैसे वाचवल्याचा आनंद विरतो. बायाँचा मूळ नाद १०० हर्ट्झच्या आसपासचा आणि ८०८ च्या किकचा त्याहून खाली. एवढासा स्पीकर तो उमटवूच शकत नाही. मग घुमारा जातो, त्याच्याबरोबर खालीची ओळख जाते आणि उरते ती टिकटिक. साधा बाहेरचा स्पीकर जोडला की ही तक्रार मिटते. काचेवर बोट सरकवून लय नेमकी बदलणं मात्र हातात सतार किंवा गिटार असताना अवघडच राहतं, शिवाय मधेच येणारा फोन आहेच.

गिटार, कीबोर्ड किंवा बेस वाजवणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी गेल्या दशकात छोट्या डब्यांचा सुकाळ झाला. कॉर्गचं ‘व्होल्का बीट्स’ २०१३ मध्ये आलं, बॅटरीवर चालणारं आणि अंगचाच स्पीकर असलेलं. टीनेज इंजिनिअरिंगचं ‘पीओ-१२’ २०१५ मध्ये आलं, ते तर कॅल्क्युलेटरएवढं. रोलँडने २०१७ मध्ये ८०८ चीच लहान प्रतिकृती ‘टीआर-०८’ काढली. यातली बहुतेक यंत्रं ठेका धरण्यापेक्षा ठेका घडवण्याच्या मौजेसाठी केलेली आहेत. संध्याकाळभर त्यांच्याशी खेळावं आणि वाद्य कोपऱ्यात तसंच पडावं, असा धोका त्यांत आहे. केवळ घोटण्यासाठी घेणाऱ्याने दुकानात आवाज शेवटी ऐकावेत. आधी लय एका हालचालीने बदलते का, पायाचं बटण जोडता येतं का, सात किंवा दहा घरांवर ठेका तोडता येतो का आणि नको ते ठोके काढून टाकता येतात का, एवढं तपासून घ्यावं. जुनं ‘एसआर-१६’ चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर नव्या चकचकीत डबीआधी त्याच्यावर हात फिरवून पाहायला हरकत नाही.