फवारणी यंत्र
द्रवरूप कीटकनाशक दाबाखाली तोटीतून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पिकावर पसरविण्याचे साधन. थेंब मोठे असल्यास ते पानांवरून ओघळून वाया जातात. अतिसूक्ष्म असल्यास वाऱ्याने वाहून फवारणाऱ्याच्या श्वासावाटे व त्वचेतून शरीरात शिरतात. पीक उंच असल्यास तोटी वर धरावी लागते व तुषार अंगावर येतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. म्हणून वारा मंद असताना वाऱ्याच्या दिशेने फवारणे, मुखवटा व हातमोजे वापरणे, तुंबलेली तोटी तोंडाने न फुंकणे आणि नंतर साबणाने स्नान करणे आवश्यक असते.