पुढल्या एक्सलची कुळकथा

वांद्रे स्थानकावरून पूर्वेकडे उतरून शासकीय वसाहतीच्या दिशेने चालू लागले म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय लागते. जमिनीच्या तुकड्याची मोजणी, तिचे खरेदीखत, तिच्यावरील बोजा आणि पिढ्यानपिढ्या होत गेलेले फेरफार हे सारे तेथील ज्या महसुली शिरस्त्यात नोंदले जाते, तसा शिरस्ता जुन्या मोटारगाडीच्या वाट्याला कधीच आला नाही. तिच्या नोंदणीपुस्तकात चेसिसचा क्रमांक असतो, इंजिनाचा क्रमांक असतो, मालकाचे नाव व पत्ता असतो. परंतु चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत जो अवयव सर्वांत अधिक सोसतो, त्या पुढल्या एक्सलच्या कुळाचा त्यात उच्चारही नसतो. साठ वर्षांत तो कितीदा बदलला आणि आज गाडीखाली आहे तो मूळचा की उपरा, याची साक्ष कागद देत नाही. ती गाडीखाली आडवे होऊन लोखंडाकडूनच काढावी लागते, आणि अशी साक्ष काढण्याची जी विद्या आपल्या मिस्त्री लोकांनी जोपासली आहे, तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

या विद्येचा विषय मुंबईला परका नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि फाळणीनंतर १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ हे नाव धारण केलेल्या कंपनीने अमेरिकेतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कारखान्याच्या जीपगाड्या सुट्या भागांतून जोडण्यास १९४७ मध्ये माझगाव येथे आरंभ केला. पुढे वांद्र्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावरील कांदिवली हे तिच्या कारखान्याचे ठिकाण झाले. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, तरी तिचा वंश आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. आणि इंजिनाच्या वर चालकाची बैठक असलेला ‘एफसी’ मालिकेतील पिकअपही १९६० च्या दशकात येथे तयार होऊ लागला. मामलेदाराची कचेरी, पोलीस ठाणे, पाटबंधारे खाते आणि वनखाते यांच्या दिमतीस राहिलेल्या या गाड्या पुढे लिलावात निघाल्या, खाजगी मालकांच्या ताब्यात गेल्या, कोणाच्या मागे पिकअपचा हौदा चढला, तर कोणाच्या पोटात डिझेल इंजिन बसले. आणि या स्थित्यंतरांत एक्सलही हातोहात फिरले.

त्या एक्सलांचे मूळ कूळ मात्र विलीजचे नव्हे. क्लॅरेन्स स्पायसर या अभियंत्याने १९०४ मध्ये सुरू केलेला युनिव्हर्सल जॉइंटचा उद्योग १९१४ मध्ये चार्ल्स डाना यांच्या हाती आला आणि १९४६ पासून त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणूनच त्या घराण्यातील एकाच एक्सलला कोणी ‘स्पायसर’ म्हणतो, तर कोणी ‘डाना’. महायुद्धातील विलीज जीपचा पुढला एक्सल या घराण्यातील २५ क्रमांकाचा होता. त्यानंतर २७ आला, पुढे ३० आला, आणि अधिक भार वाहणाऱ्या गाड्यांसाठी ४४ व ६० हे थोरले बंधू होते. मिस्त्रीपुढील प्रश्न एवढाच, की समोरचा एक्सल यांपैकी कोणता. परंतु त्याच्या उत्तरावर क्राउन-पिनियनची दातेरी जोडी, बेअरिंगे, ऑइल सील आणि पुढले चाक ज्यावर वळते त्या नकलेचे सारे सामान यांची खरेदी अवलंबून असते, आणि उत्तर चुकले म्हणजे कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील दुकानांतून आणलेला माल जसाच्या तसा परत न्यावा लागतो.

पहिली खूण दुरूनच दिसते. गाडीसमोर गुडघ्यांवर बसून पाहिले असता डिफरेन्शियलचा फुगवटा एक्सलच्या मधोमध नसून एका बाजूस असल्याचे ध्यानात येते. जुन्या जीपमध्ये तो गाडीच्या उजव्या अंगास असतो. कारण स्पायसरच्या १८ क्रमांकाच्या, दोन्ही एक्सलांना गती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा शाफ्ट उजवीकडूनच निघतो. अमेरिकेत ही बाजू सहप्रवाशाची होती, तर आपल्याकडे ज्या गाड्यांचे सुकाणू उजवीकडे आले त्यांत ती चालकाची ठरली. १९८७ च्या रँग्लरमध्ये मात्र हा फुगवटा डावीकडे आहे. जुन्या जीपखाली तो डाव्या बाजूस आढळला, तर तो एक्सल तिचा नव्हे हे निःशंकपणे समजावे, आणि मग ट्रान्सफर केसही बदललेली आहे काय याची चौकशी करावी.

दुसरी खूण चाकाच्या आतल्या अंगास असते. २५ क्रमांकाच्या एक्सलच्या दोन्ही टोकांस लोखंडाचा गुळगुळीत गोल असतो. त्यावर नकल फिरते, मागच्या बाजूस ग्रीस रोखणारे सील असते, आणि चाकाला वळणातही गती देणारा जोड त्या गोलाच्या पोटात बंदिस्त असतो. यास बंद नकल म्हणतात. अमेरिकेतील जीपवर १९७२ पासून आलेल्या ३० क्रमांकाच्या एक्सलची नकल उघडी असून शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस बाहेरून स्पष्ट दिसतो. परंतु एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. कारण ४४ क्रमांकाचा एक्सल बंद व उघड्या अशा दोन्ही प्रकारच्या नकलांसह बनला आहे. शिवाय एकसारख्या बंद नकलांच्या पोटातही भेद असतो. युद्धकालीन विलीजमध्ये बेंडिक्स-वाइस, झेपा आणि ट्रॅक्टा अशा वेगवेगळ्या पद्धतींचे जोड वापरले गेले. यांपैकी पहिल्या दोहोंत गोळ्या असतात, तर तिसऱ्यात एकमेकांत सरकणारे घडीव तुकडे. तेव्हा नकल उघडण्यापूर्वी आतील जोडाचे सामान मागवणारा मिस्त्री केवळ दैवावर भिस्त ठेवत असतो.

तिसरी खूण लिखित स्वरूपाची आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्मीळ. डानाच्या हाउसिंगवर ओतकामातच उठावाचा क्रमांक काढण्याची पद्धत होती. पुष्कळ एक्सलांच्या नळीवर सुट्या भागांच्या यादीचा (बिल ऑफ मटेरियल) क्रमांक ठोकलेला असतो. आणि डिफरेन्शियलच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टाखाली पत्र्याची लहानशी पट्टी अडकवलेली असते, जिच्यावर क्राउन व पिनियन यांच्या दातांची संख्या असते. वांद्र्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर यांमुळे हे अक्षर बुजून जाते. जाणता मिस्त्री तेथे छिन्नी लावीत नाही. तो रॉकेलने मळ काढतो, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने गंज उतरवतो, उठावावर खडू फिरवतो आणि विजेरीचा प्रकाश तिरपा पाडून आकडा वाचतो. पट्टी गहाळ असेल, तर कव्हरचा आकार पाहावा. बोल्ट मोजून काही साधत नाही, कारण २५ पासून ६० पर्यंत या कव्हरांना दहाच बोल्ट आढळतात. कव्हर उघडल्यावर मात्र माप बोलते: ४४ क्रमांकाच्या क्राउन व्हीलचा व्यास ८.५ इंच आणि ६० चा ९.७५ इंच असतो, तर ३० चा सुमारे ७.१ इंच भरतो.

कव्हर न उघडता दातांचे प्रमाण काढण्याची जी रीत आहे, तिच्यात मला या विद्येचे सौंदर्य सर्वाधिक जाणवते. मागील चाकांस अडण लावून, ट्रान्सफर केस दोन चाकांच्या गतीवर ठेवून, पुढले एकच चाक जॅकवर उचलावे. टायरवर व ट्रान्सफर केसकडून येणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण करावी. आणि ते चाक बरोबर दोन फेरे फिरवीत शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरेन्शियलच्या नियमानुसार एका चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो. शाफ्ट पाच फेऱ्यांस किंचित कमी फिरला, तर ३९ व ८ दातांची जोडी, म्हणजे ४.८८ चे प्रमाण, जे युद्धकालीन जीपमध्ये असे. पाच फेऱ्यांवर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक फिरला, तर ४३ व ८ ची जोडी, म्हणजे ५.३८, जे नंतरच्या नागरी जीपमध्ये आले. हीच रुजवात मागील एक्सलचीही केली पाहिजे. पुढल्या व मागल्या प्रमाणांत तफावत असेल, तर चारही चाकांची गती जोडताच दोन्ही एक्सल परस्परांशी झगडू लागतात, आणि कठीण रस्त्यावर त्या झगड्याचा भुर्दंड ट्रान्सफर केसला भरावा लागतो.

काही खुणा फसव्या असतात, त्यांचाही निर्देश केला पाहिजे. साडेपाच इंच वर्तुळावरील पाच बोल्टांचे चाक जुन्या जीपचे असते खरे, परंतु तेच माप फोर्डच्या कित्येक पिकअपांनाही होते. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांचे आटे उलटे असतात, हीसुद्धा केवळ हबची साक्ष आहे, हाउसिंगची नव्हे. हब, नकल, कव्हर, शाफ्ट हे सारे सुटे होणारे भाग असून एका एक्सलचे दुसऱ्यावर चढलेले असू शकतात. म्हणून फुगवट्याची बाजू, नकलेचा प्रकार, ओतकामातील क्रमांक आणि दातांचे प्रमाण या चारांची जबानी परस्परांशी जुळल्याखेरीज निर्णय देऊ नये, हा या धंद्याचा अलिखित कायदा आहे, आणि मला तो कोणत्याही न्यायासनाला शोभणारा वाटतो.

ही विद्या आजवर हातातून हातात आणि तोंडातून कानात गेली आहे. तिचे जाणकार वयोवृद्ध होत चालले आहेत आणि शिकाऊ मुले संगणकाला जोडाव्या लागणाऱ्या नव्या गाड्यांकडे वळत आहेत. यात त्या मुलांचा दोष नाही. परंतु जुनी जीप अथवा पिकअप जपणाऱ्या प्रत्येक मालकावर त्यामुळे एक कर्तव्य येऊन पडते. पुढल्या वेळी एक्सल धुऊन स्वच्छ होईल, तेव्हा त्यावरील क्रमांक, पट्टीवरील दातांची संख्या, नकलेचा प्रकार आणि कोणता भाग कोणत्या साली बदलला याची तपशीलवार नोंद मराठीत लिहून तिचा कागद नोंदणीपुस्तकाबरोबर ठेवावा, आणि गाडी विकताना तो नव्या मालकाच्या हवाली करावा. ज्या फेरफाराची नोंद सरकारने ठेवली नाही, ती मालकाने ठेवण्यास कोणाच्याही हुकमाची गरज नाही.