खातं गळतंय, बॉस!

अ‍ॅप कधीच उडवलं, तरी पैसे कटतातच? मग जरा थांबा. आधी स्वतःचा फोन बघा, आणि पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईबाबांचं पासबुकही!

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, मूड एकदम झक्कास होतो. दोन दिवसांत दुसऱ्या मेसेजची रांग लागते. ओटीटीचे एवढे, गाण्यांच्या अ‍ॅपचे तेवढे, फोटो साठवायच्या जागेचे आणखी थोडे. त्यात एक नाव असं, की ते कधी घेतलं हेच आठवत नाही. ‘जाऊ दे रे, एकोणपन्नास रुपयेच तर आहेत’ म्हणत आपण कटिंगची ऑर्डर देतो. एका चहा-वडापावात विषय संपतो.

पण हेच एकोणपन्नास रुपये सुरगाण्यातल्या एखाद्या खात्यातून गेले तर?

नाशिकच्या ऑफिसांत, हॉस्पिटलांत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणारी बरीच मंडळी सुरगाणा, पेठ, कळवणकडची आहेत. वणी, बोरगाव करत घरी जायचं, आल्यावर दोन दिवस मित्रांना घरच्या नागलीच्या भाकरीचं कौतुक सांगायचं, हे ठरलेलं. गावी बाबांना स्मार्टफोन कुणी घेऊन दिला? आपणच. त्यात यूपीआय कुणी चालू करून दिलं? तेही आपणच. आणि त्या फोनवर क्रिकेट बघायचं म्हणून एक रुपयाची ‘ट्रायल’ घेणारी मंडळीही आपल्याच घरातली असतात. फक्त खातं बाबांचं असतं. त्यात किसान योजनेचा हप्ता येतो, आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पैसे येतात, द्राक्षबागेतल्या मजुरीतून उरलेलं थोडं काही येतं. अशा खात्यातले एकोणपन्नास म्हणजे चहा-वडापाव नव्हे.

अ‍ॅप गेलं, मँडेट राहिलं

सगळा घोळ होतो तो एका गैरसमजामुळे. आपल्याला वाटतं, अ‍ॅप काढून टाकलं की सबस्क्रिप्शन संपलं. तसं होत नाही. ट्रायल घेताना तुम्ही पिन टाकलात, तेव्हा फक्त एक रुपया दिला नाहीत. ‘दर महिन्याला मला विचारत बसू नका, ठरलेल्या मर्यादेत पैसे कापून घ्या’ अशी परवानगीही देऊन टाकलीत. हिलाच म्हणतात मँडेट. अ‍ॅप असतं फोनमध्ये, मँडेट असतं बँकेकडे. फोन बदला, अ‍ॅप काढा, मँडेट आपल्या जागेवर ठाण मांडून बसलेलं असतं.

यूपीआयवर ही ‘ऑटोपे’ची सोय जुलै २०२० मध्ये आली. कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. पहिली परवानगी पिन किंवा ओटीपीने द्यायची, पुढचे हप्ते आपोआप. अशा विनापिन वसुलीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, हेही नियमातच आहे. म्हणजे मेसेज येतो. आपण तो वाचत नाही, ही गोष्ट वेगळी!

आणि गावाकडे? तिथे तो मेसेज इंग्रजीत येतो. शिवाय उंबरठाण-बाऱ्ह्याकडच्या एखाद्या पाड्यावर रेंज येईल तेव्हा येतो. तो वाचून समजून घेणार कोण?

जुनीच दारू, नवी बाटली

कॉलर ट्यूनचा जमाना आठवतोय? मित्राला फोन लावला की ‘ही ट्यून हवी असल्यास स्टार दाबा’. चुकून बटण दाबलं की पुढच्या महिन्यात बॅलन्समधून पैसे गुल. ज्योतिष, जोक्स, क्रिकेट अलर्ट, काय काय चिकटायचं सिमकार्डाला! तक्रारी वाढल्यावर ट्रायने जुलै २०१३ मध्ये चाप लावला. अशी कुठलीही सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची, आणि बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी एकच टोल-फ्री नंबर ठेवायचा: १५५२२३. घरच्या साध्या फोनचा बॅलन्स विनाकारण घटत असेल, तर आजही सुरुवात या नंबरापासून करा.

आता खेळ सिमकार्डावरून बँक खात्यावर आलाय. ‘चालू करा’चं बटण हिरवंगार आणि हे एवढं मोठं, ‘रद्द करा’ कुठेतरी सातव्या पानावर करड्या अक्षरांत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. त्यात ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ चक्क नावानिशी आहे. रद्द करण्याची वाट लपवणं, ती मुद्दाम किचकट करणं, फुकट ट्रायलसाठीसुद्धा पैशांची परवानगी मागणं, हे सगळं त्यात बसतं. म्हणजे भांडायला निघालात तर कायदा तुमच्या बाजूने आहे.

वीस रुपयांचं मोल

आता येतो कळीचा मुद्दा. आईबाबांचं पासबुक भरून आणा आणि शांतपणे चाळा. त्यात एसएमएसचे चार्जेस, एटीएम कार्डाची वार्षिक फी अशा नोंदी दिसतील. शिवाय मे महिन्याच्या अखेरीला एक वीस रुपयांची किंवा ४३६ रुपयांची नोंद असेल. ‘हे काय नवीन लफडं? करा बंद!’ असं म्हणून मोकळे होऊ नका. नेमकी तीच नोंद ठेवायची असते.

वीस रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं कवच. ४३६ रुपये म्हणजे जीवन ज्योती विमा योजना, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. दोन्ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा हप्ते १२ आणि ३३० रुपये होते, जून २०२२ पासून ते २० आणि ४३६ झाले. पहिली १८ ते ७० वयासाठी, दुसरीत १८ ते ५० या वयात शिरता येतं.

सुरक्षा विम्याच्या नियमांत साप चावणं आणि झाडावरून पडणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दावा करताना दवाखान्यातली तातडीची नोंद लागते, एवढंच. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या तालुक्याला हे कलम किती जवळचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, डोक्याला शॉटच! हप्ता कापायच्या वेळी खात्यात पुरेसे पैसे नसतील तर विम्याचं कवच संपतं. मेअखेर म्हणजे पेरणीची तयारी, बियाणं-खताची जुळवाजुळव. खात्यात आधीच खडखडाट. त्यात कुठल्याशा अ‍ॅपने रात्रीतून ९९ रुपये उचलले की वीस रुपयांचा हप्ता चुकतो. घरात कुणालाच पत्ता नसतो. तो लागतो थेट दावा करायला गेल्यावर.

म्हणून नको ते बंद करणं हा नुसता काटकसरीचा फंडा नाही. हवं ते चालू राहावं, त्यासाठीच ही साफसफाई.

उलटाही प्रकार होतो. दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडून वीस-वीस रुपये जातात. कवच मात्र दोन लाखांचंच राहतं, दुसरा हप्ता वाया. अशा वेळी ज्या खात्यात पैसे टिकतात तिथला विमा ठेवा आणि दुसऱ्या बँकेत अर्ज देऊन तिथली वजावट थांबवा.

लागा कामाला! अर्ध्या तासाचा प्लॅन

१. यादी काढा. गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट घ्या. दरमहा, दर तिमाहीला आणि वर्षातून एकदा जाणाऱ्या रकमा वेगळ्या करा. वर्षातून एकदाच कटणारी सबस्क्रिप्शन्स सगळ्यात छुपी रुस्तुम असतात, एका महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ती सापडत नाहीत.

२. आधी सेवा रद्द करा. ज्याची सेवा त्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर जाऊन सबस्क्रिप्शन बंद करा. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपलमार्फत घेतलं असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. रद्द झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. मग मँडेट रद्द करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर जा, ‘ऑटोपे’ शोधा, नको ते रद्द करून पिन टाका. कार्डावर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत विचारा. एक लक्षात ठेवा: ‘पॉज’ म्हणजे विश्रांती, रद्द नव्हे! घरात दोन-तीन यूपीआय अ‍ॅप्स असतील तर प्रत्येकात डोकावा.

४. पासबुकातली कोडी सोडवा. कर्जाचा हप्ता, एसआयपी, विमा यांच्या वजावटीपुढे बहुधा ‘नॅच’ असं लिहिलेलं असतं. कशाचं आहे ते कळल्याशिवाय हात लावू नका. मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज माफ होत नाही, उलट दंड बसतो. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तरी बँक चार्ज लावते. अटल पेन्शनसारखी वजावटही घाईत थांबवू नका.

५. ऐकत नसतील तर वर जा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मँडेट रद्द करूनही पैसे गेले तर आधी बँकेत लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८. आणि परवानगी कुणी दिलीच नव्हती अशी वजावट दिसली तर बँकेला लगेच कळवा. उशीर कराल तितका नुकसानीचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

घरी गेल्यावर...

बाबांचा फोन हातातून ओढून ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणून सुरुवात करू नका. शेजारी बसा. प्रत्येक नोंद वाचून दाखवा आणि विचारा, हे लागतं का? कधी कधी ज्याला तुम्ही फालतू म्हणाल, तीच आईची रोजची भजनं असतात. तिने ती खुशाल ऐकावीत, पैसे तुमच्या खात्यातून जाऊ द्या. पैसे येणाऱ्या खात्याला ऑटोपे जोडूच नका. घरासाठी एखादं सबस्क्रिप्शन हवंच असेल तर ते स्वतःच्या नावावर घ्या. आणि मेच्या पंधरा तारखेला फोनमध्ये रिमाइंडर लावा: ‘घरच्या खात्यात ५०० रुपये टाकणे’. दोन्ही विम्यांचे मिळून ४५६ होतात, वर थोडे शिल्लक.

बँकेचं काम सुट्टीच्या दिवशी होणार नाही, तेव्हा जमल्यास एक रजा टाकून जा. सुरगाण्याच्या शाखेत आईबाबांच्या सोबत उभे राहा, पासबुक भरून घ्या, वारसाचं नाव नोंदलंय का तेही विचारा. मग बाजारात चक्कर, घरचं जेवण, आणि परतीच्या गाडीत बिनधास्त झोप. या वेळी खात्यातून पैसे कुठे जातायत, ते तुम्हाला माहीत असेल!