घरच्या तलावाला खोली किती हवी?

अलिबाग-कर्जतकडे फार्महाउसच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधताना आठ फूट खोलीचा आग्रह अनेकदा धरला जातो. कुटुंबासाठी साडेतीन ते पाच फूट पुरेशी आहे. पोहताना माणूस आडवा असतो. हातपाय मारायला चार फूट पाणी भरपूर होते. दमल्यावर मोठ्यांना पाय टेकता येतात, आजीलाही कठड्याला धरून पाण्यात चालता येते. शिवाय २० बाय १० फुटांच्या तलावाची खोली एका फुटाने वाढली, की सुमारे ५,६०० लिटर पाणी वाढते. ते भरायचे, गाळायचे आणि त्यात क्लोरीनही टाकायचे.

मग सूर कुठे मारायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण डोके तळावर आदळले तर मानेचा मणका मोडून कायमचे अपंगत्व येऊ शकते. सुरासाठी खोली पुढेही लांबवर टिकावी लागते. छोट्या तलावात तळाचा चढ लगेच सुरू होतो. म्हणून घरी सूर नकोच. अर्थात, उथळ म्हणजे निर्धोक नव्हे. लहान मूल गुडघाभर पाण्यातही बुडते. कुंपण, आपोआप बंद होणारे फाटक आणि सतत नजर ठेवणारे मोठे माणूस यांना पर्याय नाही. खोलीवर वाचलेला पैसा आधी कुंपणावर खर्च करावा.