मनालीत गार पडलेला हीटर

डिसेंबर-जानेवारीत मनाली ते सिस्सू या रस्त्यावर एमएच पाटीच्या गाड्या आता सहज दिसतात. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा ओलांडला की माणूस थेट लाहौलच्या खोऱ्यात उतरतो. त्याआधी 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की हे खोरं कित्येक महिने तुटलेलं असायचं. आता पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून निघालेली कुटुंबं स्वतःच्या गाडीने तिथवर जातात आणि गाडी घेतल्यापासून कदाचित पहिल्यांदाच हीटरची कळ लाल पट्ट्याच्या टोकापर्यंत फिरवतात. काही गाड्यांमधून तेव्हा गार वारा येतो. मागच्या सीटवर मुलं आखडून बसलेली, काचांवर आतून वाफ धरलेली, आणि बाहेर पारा शून्याखाली.

तिथला मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोष शोधूनही काढतो. पण तो दोष हिमाचलात जन्मलेला नसतो. कित्येकदा तो दोन-चार वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या गॅरेजात, कुणाचाही वाईट हेतू नसताना, गाडीत शिरलेला असतो. आपल्या हवेत तो जाणवत नाही, म्हणून गाडी धावत राहते.

पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत हवा तापवायला सहसा वेगळी सोय केलेली नसते. इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. बाकीची उष्णता काही सायलेन्सरवाटे आणि काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून निघून जाते. हे पाणी, म्हणजे कूलंट, वॉटर पंप फिरवत ठेवतो. त्याचा एक फाटा दोन रबरी होज पाइपांमधून केबिनमध्ये येतो आणि डॅशबोर्डच्या मागे दडलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरून परत जातो. गॅरेजात त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरची हवा या कॉइलवरून आली की ती गरम होते. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने 1938 साली बाहेरची ताजी हवा गाळून गरम पाण्याच्या कॉइलवरून आत घेणारी यंत्रणा मोटारीत दिली. आजच्या गाड्यांमध्येही तत्त्व तेच आहे.

त्यामुळे हीटर गार पडण्याच्या शक्यता मोजक्याच उरतात. एक तर पाणी पुरेसं तापत नाही, किंवा तापलेलं पाणी कॉइलपर्यंत पोचत नाही, किंवा कॉइल गरम असूनही हवा तिच्यावरून जात नाही.

पाणी का तापत नाही, हे कळायला थर्मोस्टॅट पाहावा लागतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर बसलेली ही मुठीत मावेल एवढी झडप. तिच्यात मेण भरलेलं असतं. इंजिन थंड असताना झडप बंद असते, म्हणून पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुमतं आणि लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. बाहेर उणे दहा असो की चाळीस, इंजिन आपल्या ठरलेल्या तापमानावर राहतं ते या झडपेमुळे.

आणि हीच झडप आपल्याकडे सर्रास काढून टाकली जाते. एप्रिलमध्ये घाटात गाडी तापते, काटा वर चढतो, गॅरेजात गेलं की सल्ला मिळतो, ‘साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? वॉल्व्ह काढून टाकू, इंजिन गारच राहील.’ काटा खाली येतो, मालक समाधानाने घरी जातो. गाडी तापण्याचं मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा, तसंच राहतं. वर इंजिन सतत गरजेपेक्षा थंड चालतं. अशा इंजिनाला इंधन जास्त लागतं, ऑइल नीट तापत नाही, त्यात इंधन मिसळून ते पातळ होतं आणि झीज वाढते. हा खर्च हळूहळू होतो म्हणून कुणी तो झडपेच्या खात्यावर मांडत नाही. उघडकीस येतं ते लाहौलच्या थंडीत. तिथे बर्फाळ वारा खात रेडिएटर अखंड चालू, पाणी चाळीस-पन्नास अंशांवर रेंगाळतं, आणि हीटरमधून कोमट किंवा चक्क गार हवा येते. झडप जागेवर असून उघडीच अडकली असेल तरी परिणाम हाच. ओळखायची खूण सोपी आहे: काटा मधोमध यायला फार वेळ लागतो, आणि मोकळ्या रस्त्यावर किंवा उतारावर तो पुन्हा खाली घसरतो.

दुसरी सवय साध्या पाण्याची. कूलंटची पातळी कमी दिसली की पेट्रोल पंपावरची झारी किंवा घरच्या नळीचं पाणी ओतायचं. मराठवाड्यात आणि कोरड्या तालुक्यांत हे पाणी बहुधा बोअरचं, क्षारांनी जड झालेलं. बादलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच इंजिनातही बसतो, आणि हीटर कॉइलच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्या आधी चोंदतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ झाली की आतून गंज सुटतो आणि तो गाळही तिथेच जाऊन साचतो. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी शून्यालाच गोठतं आणि गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. लाहौलमधल्या केलाँगमध्ये रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गाडीत पाणीच भरलेलं असेल, तर सकाळी रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकलेला सापडू शकतो. मग हीटरचा विषय मागे पडतो आणि गाडी ट्रकवर चढवून परत आणावी लागते.

रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाकण्याचा उपायही आपल्या रस्त्यांवर जुना आहे. निर्जन हमरस्त्यावर अडकलेल्या ट्रकचालकाला या हळदीने मुक्कामाला पोचवलं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. अडचण पुढे होते. मुक्कामाला पोचल्यावर रेडिएटर दुरुस्त करून सगळं पाणी बदलायला हवं, ते राहून जातं. भेगेत अडकणारी हळद, किंवा गळती थांबवायची विकतची पावडर, हीटर कॉइलमध्येही तशीच अडकते. चौथी गोष्ट बायपासची. हीटर कॉइल गळायला लागली की ती बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरी मोठी, म्हणून दोन्ही होज पाइप आपसात जोडून कॉइलच वगळली जाते. गाडी जुनी घेतली असेल तर हे मालकाला माहीतही नसतं.

रस्त्यातच हीटर गार पडला तर पहिली नजर टेम्परेचरच्या काट्याकडे टाका, कारण एक परिस्थिती खरोखर धोक्याची आहे. काटा वर चढलेला आणि तरी हीटरमधून गार वारा, असं दिसलं तर कूलंट संपत आलेलं असतं किंवा वॉटर पंप बंद पडलेला असतो. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. अजून पाच किलोमीटर ओढू म्हणणाऱ्याचं हेड गॅस्केट उडतं. आणि गरम इंजिनाची रेडिएटर कॅप उघडू नका. ही टोपी आतलं पाणी सुमारे एक बार जादा दाबाखाली धरून ठेवते, म्हणून ते शंभर अंशांपुढेही उकळत नाही. टोपी सैल झाली की दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. लेहसारख्या 3,500 मीटर उंचीवर उघडं पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे तर जास्तच जपायला हवं.

काटा मधोमध स्थिर असेल तर घाई नाही. बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन बारीक होज पाइप शोधा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून दोन्ही पाइपांना हलकेच बोट लावा, मूठ आवळू नका. दोन्ही गरम असतील तर पाणी आत जातंय, दोष हवेच्या वाटेत आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोंदलीय, किंवा तिच्या वाटेवर वॉल्व्ह असलेल्या गाडीत तो बंद अडकलाय. दोन्ही गार-कोमट असतील तर पाणी कमी आहे, आत हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅटची भानगड आहे. इतकी साधी तपासणी बऱ्याच अनावश्यक खर्चातून वाचवते. ती न करताच थेट कॉइल बदलायला सांगणारे गॅरेज मी तरी टाळीन.

अडकलेल्या हवेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हा दोष फुकटात दुरुस्त होऊ शकतो. बऱ्याच गाड्यांत हीटर कॉइल उंचावर असते आणि हवा वर चढून तिथेच बसते. मग आयडलिंगला हीटर गार, ॲक्सिलरेटर दाबला की गरम, असा खेळ चालतो. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाजही येतो. अशी हवा काढायला इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. कॅप उघडा, योग्य कूलंट काठोकाठ भरा, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन सुरू करा. काट्यावर नजर ठेवा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तसं भरत जा. वरचा मोठा होज पाइप गरम झाला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, त्यांची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहावी. कूलंटही मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. हिरवा, लाल, निळा हा रंग काही सगळ्या कंपन्यांत सारखा अर्थ सांगत नाही, आणि न जुळणारी दोन द्रावणं एकत्र आली तर आत चिकट गाळ होऊ शकतो. तासन्‌तास बुडबुडे थांबतच नसतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. तिथे गॅस्केट तपासायला हवं.

चोंदलेली कॉइल दोन्ही पाइप सोडून, उलट्या दिशेने, बेताच्या दाबाने पाणी सोडून धुता येते. सर्व्हिस सेंटरच्या धुलाईच्या प्रेशर गनने धुतली तर पातळ नळ्या फुटतात. कॉइल गळत असेल तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर तेलकट धुकं धरतं, पायाखालचं कार्पेट ओलं होतं. ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून सांडलेलं कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नका.

हवेच्या वाटेतला दोष म्हणजे बहुधा डॅशबोर्डमधला पडदा. कळ फिरवली की हा पडदा हवेला कॉइलवरून किंवा कॉइल टाळून पाठवतो. साध्या गाड्यांत त्याची केबल निसटते किंवा तुटते, ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत छोटी मोटर बिघडते आणि आतून टकटक आवाज येत राहतो. हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून पाहा. विजेच्या गाड्यांचं गणित निराळं आहे. तिथे फुकट मिळणारी इंजिनाची उष्णता नाही, हीटर बॅटरीवर चालतो आणि थंडीत पल्ला घटतो.

आपल्याला हीटर लागतोच कुठे, हा प्रश्न मला पटत नाही. श्रावणात माळशेजला किंवा आंबोलीत पुढची काच आतून धुरकटते, तेव्हा एसी आणि हीटर एकत्र चालवून हवा काचेवर सोडणं हा सर्वांत जलद उपाय आहे. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच तापवतो. दरीकडच्या वळणावर समोरचं दिसणं या यंत्रणेवर अवलंबून असतं. निफाडकडे थंडीत पहाटे निघणाऱ्या द्राक्षबागायतदारालाही ती हवीच असते.

म्हणून हिमाचलचं बुकिंग झालं की निघायच्या तीन-चार आठवडे आधी, आपल्याच गावात, हीटर चालवून पाहा. वीसेक मिनिटं गाडी पळवा, एसी बंद, कळ पूर्ण गरमवर, ब्लोअर दुसऱ्या नंबरवर. जाळीसमोर हात फार वेळ धरवत नसेल तर हीटर ठीक आहे. पाच-दहा मिनिटं आयडलिंगवर उभी ठेवूनही हवा तशीच गरम राहते का पाहा. मेकॅनिकला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हीटर बायपास केलाय का, आणि आत कूलंट आहे की पाणी. थर्मोस्टॅट काढलेला निघाला तर आपल्या मॉडेलसाठी ठरवलेल्या तापमानाचाच नवा बसवून घ्या, सोबत त्याची रबरी रिंग नवी, आणि गाडी ज्या कारणाने मुळात तापली होती ते आधी शोधायला लावा. बसवल्यावर एअर काढून, हीटर तुमच्यासमोर चालवून दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.