बांधाने अडते ते आणि बांधाखालून जाते ते

पुणे-सोलापूर लोहमार्गावर वाशिंबे, पोफळज ही स्टेशने मागे पडली की जेऊर येते. करमाळ्याला जाणारा उतारू इथे उतरतो. करमाळा तालुका दोन नद्यांच्या मधला. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा. भीमेच्या बाजूचे ओढे जिला मिळतात, ती भीमा इथे नदी राहिलेली नाही. ती उजनीचा जलाशय झाली आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. ते शेतीला जाते, कारखान्यांना जाते आणि सोलापूर शहराच्या नळालाही येते.

उजनीचे पाणी हिरवे झाले, जलपर्णी माजली, असे म्हटले की आपले बोट पुण्याकडे वळते. ते गैर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून भीमेत उतरते आणि त्याचा वाटा मोठा आहे. पण बोट दाखवून झाल्यावर आपल्या ओढ्याकडेही एकदा पाहावे. जोराचा पाऊस झाला की तो चहासारखा गढूळ वाहतो. तो गढूळपणा काही पुण्याहून आलेला नसतो.

हा मुलूख रब्बीचा. ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणून भारी काळी राने पावसाळाभर उघडी असतात. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही पुष्कळदा चार-दोन दिवसांत कोसळणारा. उघड्या मातीवर टपोरा थेंब आदळला की ढेकूळ फुटते, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरायचे सोडून पळू लागते. पळताना वरचा सुपीक थर सोबत नेते.

याची जाण आपल्याकडे जुनी आहे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला. १९७२च्या दुष्काळात हजारो हातांनी बांधबंदिस्तीवर कुदळी चालवल्या. मात्र त्या बांधांचा हिशेब आपण नेहमी वरच्या रानापुरता केला. ओल किती टिकली, ज्वारी किती वाढली, एवढेच पाहिले. खालच्या ओढ्याला काय लाभले, ते क्वचितच मांडले.

खरे तर तो लाभ मोठा आहे. पिकाला घातलेले स्फुरद मातीच्या कणांना धरून बसते. माती रानात राहिली तर तेही बहुतेक रानातच राहते; माती गेली तर ते तिच्या पाठुंगळी बसून जलाशयात जाते. साचलेल्या पाण्यात शेवाळ माजायला अगदी थोडे स्फुरद पुरते. ते शेवाळ मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे तडफडतात. म्हणून समपातळी बांध, बंदिस्त वाफे, उताराला आडवी पेरणी ही ओढ्याच्या तोंडाशी लावलेली गाळणीच म्हणायची.

पण या गाळणीतून सगळेच गाळले जात नाही. नत्राची चाल वेगळी आहे. उजनी भरली आणि या भागाचे नशीब पालटले. मोटारी बसल्या, पाइपलाइनी चढल्या, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, कंदरची केळी परदेशी निघाली. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस आहे. हात सैल असला की युरिया त्याहूनही जास्त पडतो. पिकाने उचलून उरलेले नत्र नायट्रेट होऊन पाण्यात साखरेसारखे विरघळते. सरी तुडुंब भरून पाणी दिले की ते मुळांखाली जाते, विहिरीत उतरते आणि पाझराने ओढ्याला मिळते. पाणी दिसते नितळच! बांध पाणी मुरवतो हे चांगले. पण पाण्याबरोबर काय मुरते आहे, हे तो विचारत नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. ते जास्त झाले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते तसे उलट दाट होते. विहिरीचे पाणी घालून नातवाचे वरचे दूध पातळ करणाऱ्या आजीने हे ध्यानात ठेवावे.

नुसती माती राखून भागत नाही, याचा धडा दूर अमेरिकेत मिळाला आहे. ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगण्याची वेळ आली. सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष पाण्यात उतरले होते. या शेवाळाला पोसणारे स्फुरद मॉमी नदी शेतांतून आणते. नवल असे, की तिथले पुष्कळ शेतकरी माती वाचवण्यासाठीच नांगरट सोडून बसले होते. माती वाचली, पण वरवर टाकलेले खत वरच्याच थरात साचले आणि विरघळून जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून नदीला गेले. अभ्यासकांनी सांगितलेल्या कारणांपैकी हे एक.

आपल्याकडचे उपाय परके नाहीत. उसाचे पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट सरीत पसरले तर थेंबाचा मार मातीला बसत नाही आणि ओलही टिकते. खत माती तपासून, हप्त्याहप्त्याने द्यावे आणि मातीआड करावे. ठिबक असेल तर युरिया त्यातूनच सोडावा. आभाळ भरून आले असताना पोते फोडू नये. ओढ्याच्या काठाने काही फूट गवताचा पट्टा राखावा. तो गाळ धरतो आणि गुरांना चाराही देतो. पण आपल्याकडे बांधच दरवर्षी कोरला जातो, त्यावरून भाऊबंदांत कोर्टकचेऱ्या होतात; तिथे ओढ्यासाठी जमीन कोण सोडणार?

बँकेच्या नोकरीत विहीर, मोटार, पाइपलाइन यांसाठी कर्ज मागणारी माणसे मी रोज पाहिली. ओढ्याकाठी गवत राखायचे म्हणून कोणी आले नाही. येणार तरी कसे? जमीन अडते एकाची, पाणी निवळते दुसऱ्याचे. ज्या खर्चाचा लाभ परक्याच्या खात्यावर जमा होतो, तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही. सरकारने, साखर कारखान्यांनी आणि हे पाणी पिणाऱ्या शहरांनी त्यात वाटा उचलला पाहिजे. धरणाच्या भिंतीवर जसा सार्वजनिक पैसा खर्च झाला, तसाच तो या गवताच्या पट्ट्यावरही व्हावा.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. पाणी असे आटते, पण त्यात विरघळलेले आटत नाही. पुण्याच्या खाली आपण आहोत, म्हणून पुण्याला जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे. पण आपल्याही खाली पंढरपूर आहे. तिथे चंद्रभागेत बुडी मारणाऱ्या वारकऱ्याने हाच जाब आपल्याला विचारला, तर त्याचे उत्तर आपल्या रानात दिसले पाहिजे.